विद्यार्थी परिषदेचे दोन ठराव: प्रकल्प वर्गातच करायचे आणि गणवेश मुलांना विचारून ठरवायचा

खडूफळा

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. विद्यार्थी परिषदेचं कामही माझ्याकडेच आहे. पुढच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. तिच्यासाठी परिषदेने दोन विषय दिलेत. मुलांनी ते स्वतः लिहून आणले, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. दोन्ही विषय मला फार महत्त्वाचे वाटतात, म्हणून सल्ल्यासाठी सविस्तर लिहिते.

पहिला विषय प्रकल्पांचा. मुलांची मागणी आहे की प्रकल्प घरी करायला देऊ नका, वर्गात करून घ्या. सूर्यमाला, ज्वालामुखी, पवनचक्की यांचे तयार संच तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. ज्याच्या घरी पैसे आहेत तो संच आणतो, ज्याच्या घरी शिकलेला मोठा भाऊ आहे त्याला तो जोडून देतो. उरलेली मुलं जुन्या वहीचा पुठ्ठा कापून काहीतरी आणतात आणि टेबलाच्या मागच्या बाजूला ठेवतात. आठवीतली एक मुलगी परिषदेत म्हणाली, "बाई, मार्क दुकानाला मिळतात." सगळी मुलं गप्प झाली, कारण प्रत्येकाला ते माहीत होतं.

दुसरा विषय गणवेशाचा. सहावीपासूनच्या मुलींना स्कर्ट नको आहे. सलवार किंवा पँट चालेल, पण ओढणी सक्तीची नको, कारण खेळताना आणि सायकल चालवताना ती सांभाळावी लागते. सातवीच्या मुलांना हाफ पँट नको आहे. आणि सगळ्यांना मिळून पांढरा सदरा नको आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, त्यात रोज पांढरे कपडे धुणं आयांना जमत नाही. मुलींचं आणखी एक कारण आहे. ते त्यांनी लिहून दिलेलं नाही, मला येऊन सांगितलं. मोठ्या मुलींना शिकवणाऱ्या कुणालाही ते वेगळं सांगायला नको.

हे आत्ताच का निघालं तेही सांगते. 'एक राज्य एक गणवेश' योजनेत २०२४-२५ला राज्यभर एकाच कापडाचे गणवेश शिवून देण्याचं ठरलं होतं. कित्येक शाळांत ते महिनोन्‌महिने उशिरा पोचले, पोचले तेव्हा मापं चुकलेली. डिसेंबर २०२४मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला आणि २०२५-२६पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. म्हणजे रंग कोणता, शिवण कशी, हे आता गावातच ठरतं. मग ज्यांनी तो घालायचा आहे त्यांना विचारून ठरवावं, एवढंच मुलांचं म्हणणं आहे.

अध्यक्ष समजूतदार आहेत, पण काही सदस्यांना "पोरांनी समितीला सांगायचं?" हेच रुचत नाही. बैठकीत कसं मांडू?

जुनीपेटी

खडूफळाताई, मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आधी कार्यपद्धतीबद्दल बोलतो, कारण असे विषय तिथेच अडकतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. आपल्या राज्याच्या रचनेत दोन विद्यार्थीही असतात, त्यात एक मुलगी. बहुतेक शाळांत त्या दोघांची नावं फलकावर असतात आणि बैठकीला त्यांना कुणी बोलवत नाही. तुम्ही बोलवा. सूचनापत्रावर त्यांची सही घ्या. विषय विषयपत्रिकेवर क्रमांक घालून येऊ द्या, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" यात ढकलू नका. त्या सदरातला विषय चहा आल्यावर निघतो आणि चहाबरोबर संपतो. जो निर्णय होईल तो इतिवृत्तात मुलांच्या शब्दांत लिहा.

गणवेशाबाबत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना जरूर विचारा, पण शेवटी नमुना एकच ठेवा. कुणी स्कर्ट, कुणी पँट, कुणी सलवार अशी मोकळीक दिली की कापडाच्या दर्जात फरक पडतो आणि गरीब मूल लगेच ओळखू येतं. गणवेश ज्यासाठी आहे तेच मग उरत नाही.

सातवीचीआई

ताई, तुमच्या मुलांचं कौतुक वाटलं. आमचं पुण्यात वेगळंच चालू आहे. खाजगी विनाअनुदानित शाळा, गणवेश एकाच दुकानातून, बुटांवरसुद्धा शाळेचं चिन्ह. दुकानाची सक्ती करू नका असं शासनाने वेळोवेळी बजावलं आहे, पण दुसरीकडे ते चिन्ह मिळतच नाही, मग करायचं काय? प्रकल्पाचा निरोप रात्री मोबाईलवर येतो, सकाळी नेऊन द्यायचा असतो. मागच्या वेळी सगळ्या आया मिळून थर्माकोल शोधत फिरत होत्या. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आहे आणि 'पर्यावरण वाचवा' या प्रकल्पासाठी तो हवा होता! माझ्या लेकीला यातून काय शिकवायचं होतं, हे मी अजून शाळेला विचारते आहे.

शिवणयंत्र

मी बचत गटातून शिवणकाम करते, गणवेश शिवलेले आहेत. त्यावरच बोलते, बाकीचं तुम्ही जाणता.

दोन जोड्यांना मुलामागे ६०० रुपये मिळतात, म्हणजे एका जोडीला ३००. त्यात कापड, शिलाई, बटणं, चेन, सगळं बसवायचं. सरकारी योजनेच्या वर्षी कापलेलं कापड आमच्याकडे आलं होतं. मापं वयाच्या हिशेबाने धरलेली. एकाच वर्गातली दोन पोरं घ्या, एक खांद्यापर्यंत तर दुसरं कमरेपर्यंत. वयावर शिवून कसं चालेल? शिलाईचा दरही बाईमाणसाच्या मजुरीला धरून नव्हता. ते काम गावातच मापं घेऊन झालं असतं तर नीट झालं असतं.

आता तुमच्यासाठी काही गोष्टी.

पांढरा नको हे अगदी बरोबर. फिकट निळा किंवा बारीक चौकडी घ्या, चौकडीवर डाग आणि झिजणं दोन्ही कमी दिसतं. खाली गडद रंग. कापड टेरिकॉट घ्याल तर टिकेल, पण निव्वळ कृत्रिम धाग्याचं स्वस्त कापड घेऊ नका. उन्हात पोरं उकडून निघतात आणि मानेला पुरळ येतं.

सलवारीला कापड जास्त लागतं. साधी सरळ पँट कमी कापडात होते. तीच मुलामुलींना एका नमुन्यात शिवली तर घाऊक कापड घेता येतं, वाया कमी जातं. कमरेला मागच्या बाजूने इलास्टिक घाला आणि पायाला खाली चार बोटं दुमड ठेवा. मूल वाढलं की उसवून सोडता येते. तीनशे रुपयांचा कपडा मग दुसऱ्या वर्षी धाकट्याच्या नशिबी न जाता त्याच मुलाला पुरतो.

आणि मुलींच्या पँटला खिसे द्या, दोन्ही बाजूंना, खोल. मापं घ्यायला जाते तेव्हा मुली कानात येऊन हेच सांगतात.

वर सदरा थोडा लांब, गुडघ्याच्या वर वीतभर ठेवला की ओढणीचा प्रश्नच उरत नाही. घरचेही हरकत घेत नाहीत.

खडूफळा

ताई, हे सोन्यासारखं आहे. कागदावर उतरवून घेतलं. जुनीपेटी सर, एकच नमुना हे तुमचं म्हणणं आणि शिवणयंत्रताईंची पँट एकत्र बसतात असं दिसतंय.

स्पष्टवक्ता

मला यात काहीच बरोबर वाटत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कपड्यांचे निर्णय द्यायचे? आज पँट, उद्या केस मोकळे, परवा नेलपॉलिश. शाळेला शिस्त लागते. शिस्त मतदानाने येत नाही. आमच्या शाळेत दोन वेण्या, रिबीन आणि तेल लावलेले केस नसतील तर मुलीला वर्गाबाहेर उभं करत. त्यातूनच आम्ही घडलो. प्रकल्पाचंही तेच. मुलांना कष्ट नको आहेत म्हणून वर्गात करू म्हणतात.

पाटीपेन्सिल

स्पष्टवक्ता, आदर राखून असहमत आहे. वर्गाबाहेर उभं करण्याबद्दल आधी बोलते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. रिबिनीसाठी मुलाला बाहेर काढणं हे शिस्तीत बसत नाही, शिक्षेत बसतं.

मी कोल्हापूर जिल्ह्यात शिकवते. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं आमच्या पटावर येतात. त्यांच्या अंगावर गावाकडच्या शाळेचा गणवेश असतो, नाहीतर काहीच नसतो. त्या वर्षीचे गणवेश आमच्याकडे जूनमध्येच वाटून झालेले असतात. अशी मुलगी पहिल्या दिवशी दाराशी उभी राहते आणि आधी सगळ्यांच्या कपड्यांकडे बघते. कडक नियम असलेल्या शाळेत ती दुसऱ्या दिवशी येत नाही, फडावर धाकट्या भावाला सांभाळत बसते. तुमच्या ठरावात एक ओळ नक्की घाला: गणवेश नाही म्हणून कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर, रांगेबाहेर किंवा स्नेहसंमेलनाबाहेर ठेवलं जाणार नाही. आणि शिवताना काही जोड्या जास्तीच्या शिवून कपाटात ठेवा.

घरच्या प्रकल्पात ही मुलं सगळ्यात आधी गळतात. पाचटाच्या खोपीत फेव्हिकॉल आणि कार्डशीट कुठून आणतील? वर्गात मात्र हीच मुलं पुढे असतात. उसाच्या वाढीवरचा प्रकल्प करताना एका मुलाने पेरं मोजून उसाचं वय सांगितलं होतं. वर्गात दुसऱ्या कुणालाही ते येत नव्हतं.

रानवाट

प्रकल्प वर्गातच करायचे या मुद्द्यावर थोडं थांबावंसं वाटतं. मी चंद्रपूरकडचा, शिक्षक नाही, दोन मुलांचा बाप आहे. माझ्या मुलाला रानभाज्यांचा प्रकल्प होता. तो आजीबरोबर रानात गेला, तिच्याकडून नावं विचारून घेतली, कुठली भाजी दोनदा उकळायची, कुठली नुसती परतायची हे लिहून आणलं. ते चार भिंतीत झालं नसतं. माझी आई कधी शाळेत गेली नाही. त्या दिवशी शाळेला तिच्याकडून काही हवं होतं. सगळं वर्गातच कोंडू नका.

जुनीपेटी

रानवाट यांचा मुद्दा मोलाचा आहे आणि नियमांतही त्याला जागा आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पाचवी-सहावीला आकारिकला ५० टक्के भार, सातवी-आठवीला ४०. प्रकल्प त्यातलं एक साधन आहे. पण तपासायला सोपं, भिंतीवर लावायला छान आणि अधिकारी आले की दाखवायला हाताशी, म्हणून आपण त्यालाच सजवत बसलो. मूल कसं शोधतं, कुठे अडतं, कुणाला विचारतं, हे शिक्षकाने पाहायचं होतं. घरून तयार वस्तू आली की पाहायला काहीच उरत नाही.

म्हणून फरक घर आणि वर्ग असा करू नका. माहिती बाहेरून आणायची, मांडणी वर्गात करायची.

खडूफळा

सर, हे मुलांपुढे ठेवलं आणि त्यांना लगेच पटलं. परिषदेचं नवं म्हणणं असं: विचारणं, मोजणं, बघणं घरी आणि गावात, लिहिणं, जोडणं, रंगवणं शाळेत, साहित्य शाळेचं.

एक प्रकल्प आम्ही सुरूही केला. पर्जन्यमापक. सरळ उभ्या भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळ खालून खाचांचा असतो म्हणून आत खडे टाकायचे आणि ते बुडेपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची. तिथून वर मिलिमीटरची पट्टी. बाटल्या मुलांनी गावातून गोळा केल्या, खर्च चिकटपट्टीचा.

खरी गंमत पुढे आली. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते आणि शाळा भरते त्यानंतर. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या चौघांनी पाळी लावून घेतली. एका सकाळी वरच्या आळीची नोंद आणि खालच्या आळीची नोंद वेगळी आली. बाटली चुकली की पाऊसच वेगळा पडला, यावर सहावीच्या वर्गात अख्खा तास वाद झाला. शेवटी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं ठरलं. हे त्यांना मी सुचवलेलं नाही.

स्पष्टवक्ता, कष्ट नकोत म्हणून ही मागणी आली नाही. दुकानातला संच आणणं हेच कमी कष्टाचं होतं.

समुद्रापार

मी न्यू जर्सीत असतो, मुलगी इथल्या मिडल स्कूलमध्ये सातवीत आहे. इथल्या बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नसतो, पण पोशाखाची नियमावली असते, आणि तिच्यातले बरेच नियम मुलींच्याच अंगावर लिहिलेले असतात: खांद्याची पट्टी किती रुंद, शॉर्ट किती लांब. मुलांसाठी दोन ओळी, मुलींसाठी पानभर. विद्यार्थी परिषदेने तेच विचारलं आणि नियम सगळ्यांना सारखे लिहायला लावले.

या देशात हा वाद जुना आहे. १९६५मध्ये आयोवात काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधली, शाळेने त्यांना घरी पाठवलं. त्यातली मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची, आठवीत होती. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आणि २०२२मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका चार्टर शाळेचा (सरकारी पैशावर खाजगी संस्था चालवते ती) मुलींना स्कर्टच घालण्याचा नियम अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. भारतातही केरळमध्ये २०२१मध्ये बालुश्शेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेत पँट-शर्ट आला, तेव्हा वादही झाला आणि मुलींनी आनंदाने तो घातलाही. तेरा वर्षांच्या मुलांना यातलं काही कळत नाही असं म्हणवत नाही.

स्पष्टवक्ता

अमेरिकेचं इथे नको. पण पर्जन्यमापकाचं वाचलं, ते चांगलं आहे हे मान्य करतो. पँटवरही माझा तेवढा आक्षेप नाही. माझी भीती अशी की एकदा मुलांच्या मागणीवरून नियम बदलला की शिक्षकांचा धाक राहत नाही. त्याचं काय?

खडूफळा

तुमची भीती समजते, आमच्या शिक्षकखोलीतही ती आहे. मला आलेला अनुभव सांगते. मार्च २०२४मध्ये शासनाने आम्हा शिक्षकांसाठीही पोशाखाच्या सूचना काढल्या: जीन्स, टी-शर्ट नको, बायकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कुडता. तेव्हा आम्हीच म्हणत होतो की आम्हाला विचारायला हवं होतं. मुलांनी ते ऐकलं होतं. परिषदेत एका मुलाने अगदी सरळपणे विचारलं, "बाई, तुम्हाला विचारायला हवं, मग आम्हाला का नको?" मी त्याला उत्तर म्हणून हा विषय समितीकडे नेते आहे. माझा धाक त्याने कमी झाला असं वाटत नाही. उलट ज्या नियमाचं कारण मी सांगू शकते तो नियम मुलं एकमेकांना पाळायला लावतात. नखं कापलेली हवीत हे त्यांनी स्वतःच यादीत लिहिलं. केसांबद्दल लिहिलं, "बांधलेले, विंचरलेले, कसे ते ज्याचं त्याने."

सातवीचीआई

केसांची ओळ छापून आमच्या शाळेला पाठवते.

खडूफळा

मंडळी, काल बैठक झाली. झालं तसं सांगते.

दोन्ही विद्यार्थी प्रतिनिधींना खुर्च्या दिल्या. सातवीचा मुलगा बोलताना अडखळला, आठवीच्या मुलीने पुढे नेलं. तिने कापडाचे तीन तुकडे आणले होते, शिवणयंत्रताईंचं ऐकून तालुक्याच्या दुकानातून मागून आणलेले. एक तुकडा पाण्यात भिजवून किती वेळात वाळतो हे वर्गात करून पाहिलं होतं, त्याचा तक्ता दाखवला. त्यानंतर "पोरांनी सांगायचं का" हा प्रश्न कुणी काढला नाही. आई सदस्यांनी पांढरा रंग एका आवाजात नाकारला.

मान्य झालं ते असं. सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलामुलींना एकाच नमुन्याची गडद पँट, खिशांसह. वर फिकट निळी चौकडी, मुलींचा सदरा लांब. ज्या घरांना सलवार हवी त्यांना त्याच कापडात. शिलाई गावातल्या गटाकडे, मापं शाळेत घ्यायची. पाटीपेन्सिल यांची ओळ जशीच्या तशी इतिवृत्तात आहे. जास्तीच्या जोड्यांसाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करायची आहे.

प्रकल्पांचं साहित्य शाळेच्या निधीतून आणि शासनाच्या 'आनंददायी शनिवार' उपक्रमाच्या वेळात काम, हे मंजूर. विकतचा संच आणल्यास गुण नाहीत, हे मात्र मंजूर झालं नाही. दोन पालकांचं म्हणणं होतं की मुलाने हौसेने आणलं तर त्याचा हिरमोड का करायचा. यावर परिषदेत पुन्हा बोलायचं आहे आणि मुलांमध्येही दोन गट आहेत.

पाचवीचा प्रश्न राहिला. पाचवीच्या मुलींनाही पँट हवी आहे आणि समिती म्हणाली पुढच्या वर्षी बघू. मला ते पटलेलं नाही.

पाटीपेन्सिल

पाचवीसाठी पुढच्या वर्षाची वाट बघू नका. कापड घाऊकच घेणार आहात, तेव्हाच पाचवीचा आकडा धरा. नंतर तोच रंग मिळत नाही.

शिवणयंत्र

पाटीपेन्सिलताई खरं बोलतात. दुसऱ्या खेपेच्या कापडाची छटा हमखास वेगळी येते. ताई, मापं घ्यायला पट्टीवाली बाईच पाठवा आणि मुलींची मापं वेगळ्या खोलीत घ्या. छाती, कंबर, बैठक, पँटची लांबी आणि आतली लांबी. मुलीला उभं करून, वाकवून, मांडी घालून बसवून मगच लिहा. जमिनीवर बसणाऱ्या मुलांची पँट बैठकीत आधी उसवते. यादी मला पाठवलीत तर पाचवीसकट किती मीटर कापड लागेल ते काढून देते.